स्की, इस्त्री आणि मेस्ताचे काम

"घरी करायला जाऊ नका, बिघडवून ठेवाल." हे वाक्य मी नॉर्वेत इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा रागही येत नाही. म्हणजे येतो, नाहीतर हे लिहायला बसलोच नसतो. स्कीच्या तळाला मेण लावायचे असो की तिच्या पोलादी कडांना धार काढायची असो, दुकानातला माणूस काउंटरवर दोन्ही हात टेकून, डॉक्टरने रोग्याकडे पाहावे तसे पाहत हे वाक्य म्हणतो. मग एक तर स्की ठेवून घेतो आणि पावती फाडतो, नाहीतर काचेच्या कपाटातले 'व्यावसायिक' अवजार दाखवतो, ज्याची किंमत वाचून आपणच निमूटपणे स्की त्याच्याकडे सोडून येतो. दोन्हीकडून धंदा त्याचाच. धंद्याला माझी हरकत नाही. ते वाक्य खोटे आहे, ही माझी हरकत.

आता गोव्यातल्या वाचकाने स्कीबद्दल का म्हणून वाचावे? आपल्याला बर्फ ठाऊक तो मासळीच्या क्रेटमधला, आणि फार तर एप्रिल-मे महिन्यांत उर्राकच्या ग्लासातला. पण मंडळी, थोडा धीर धरा. हे भांडण फिरत फिरत म्हापशापर्यंत येणार आहे.

आधी काम काय असते ते सांगतो. आजच्या स्कीचा तळ एका जातीच्या प्लास्टिकचा असतो, अतिशय लांब साखळ्यांच्या पॉलिएथिलीनचा. तो पाण्याला जवळ करत नाही, म्हणून बर्फावर घसरतो. त्यावर मेण वितळवून इस्त्रीने पसरायचे, गार होऊ द्यायचे, मग जवळजवळ सगळे खरवडून काढायचे आणि ब्रश मारायचा. लावायचे आणि काढायचे! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण तळात आणि त्याच्या बारीक रेघांत जे उरते तेच कामाचे. वर साचलेला थर नुसता अडथळा. ज्या स्कीने डोंगर उतरतात तिच्या दोन्ही बाजूंना पोलादाची चौकोनी कड बसवलेली असते, वळताना हीच कड कडक बर्फात रुतते. ती कानशीने घासून धारदार ठेवायची. जंगलातल्या सपाट वाटांवर जी अरुंद, लांब स्की वापरतात तिला कड नसते, पण ती धनुष्यासारखी वाकलेली असते आणि पावलाखालच्या भागाला वेगळे, चिकट मेण लागते. पायाने दाबले की तो भाग बर्फाला टेकून पकड घेतो, भार काढला की उचलला जातो आणि स्की घसरते.

बस्स, एवढेच. यात अशी कोणती ब्रह्मविद्या आहे?

यासाठी जी अवजारे लागतात त्यांतले एकही असे नाही जे घरात तयार करता येणार नाही. माझी तर बहुतेक घरचीच आहेत. घोडी म्हणजे दोन बाय चारच्या पाइनच्या पट्ट्या, स्क्रूने जोडलेल्या, वर खाच आणि खाचेत रबर. उताराच्या स्कीला मध्ये ब्रेकचे दोन काटे असतात, ते कामाच्या आड येतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक चकती कापून त्यांच्यावर ताणून अडकवली की झाले. दुकानात याच रबरी वेढ्याचे वेगळे पाकीट मिळते, छापील नाव घातलेले. लांब स्कीसाठी एका फळीवर स्की आडवी धरून पेन्सिलीने तिची कमान आखली आणि त्या रेघेवर फळी कापली. पकडीचे मेण चोळून सारखे करायला बूच लागते. मी पोर्ट वाइनच्या बाटल्यांची चार बुचे सरसाने एकमेकांना चिकटवली, एक बाजू पॉलिश पेपरवर सपाट केली. जगातले सर्वांत जास्त बूच पोर्तुगालमध्ये होते. साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांबरोबर काढलेल्या माणसाला त्या बुचाचा एवढा तरी उपयोग व्हायला हरकत नाही.

आणि माझी इस्त्री म्हापशाची आहे.

यात भावनेचा भाग कमी, हिशेबाचा जास्त. ओस्लोत साधी, कोरडी इस्त्री शोधून पाहा. दुकानात जिकडे तिकडे वाफेच्या. वाफेच्या इस्त्रीच्या तव्याला भोके असतात, त्यांत मेण जाऊन बसते, जळते आणि पुढच्या वेळी तळावर ओघळते. आपल्याकडे मात्र जड, सपाट, बिनभोकांची इस्त्री अजून बाजारात मिळते. सुट्टीत घरी आलो असताना ती घेतली, बॅगेत शर्टांच्या घडीत गुंडाळून आणली. व्होल्टेज दोन्हीकडे २३०च. प्लग तेवढा बदलला, अर्थिंगच्या तारेसकट. मेणाच्या खास इस्त्रीची सगळी थोरवी तिच्या जाड तव्यात असते: जाड धातू उष्णता धरून ठेवतो, थंडगार स्कीला टेकला तरी एकदम निवत नाही. आमच्या म्हापसेकरीणीचा तवा तितका जाड नाही, पण वाफेवाल्यांपेक्षा कितीतरी बरा. मल्टिमीटरबरोबर तापमान मोजायची जी तार मिळते ती तव्याला टेकवून मी तिचे सगळे आकडे तपासले, थर्मोस्टॅट कुठे चालू होतो आणि कुठे बंद होतो ते पाहिले, आणि चक्रीवर १२० आणि १४० अंशांच्या जागी बायकोच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. (ही इस्त्री पुन्हा कपड्यांवर फिरवायची नाही. तिचे लग्न आता मेणाशी लागले.)

दुकानवाला भीती घालतो ती इथे. म्हणतो, साध्या इस्त्रीने तळ जळेल. जळू शकतो, हे खरे. तळाचे प्लास्टिक १३०-१३५ अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळू लागते, आणि कडाक्याच्या थंडीचे कडक मेण पसरायला इस्त्री १४०च्या घरात लागते. मग तळ वाचतो कसा? हात न थांबवल्याने. इस्त्री सारखी पुढे सरकत राहायला हवी, टोकाकडून शेपटीकडे, आणि तिच्या मागे ओल्या मेणाचा चार-पाच बोटे लांबीचा चकचकीत पट्टा दिसायला हवा. पट्टा वीतभर लांब झाला तर हात मंद आहे किंवा इस्त्री जास्त तापली आहे. धूर दिसला तर लगेच बटण बंद. महागड्या इस्त्रीनेही हात थांबला तर तळ जळतोच. म्हणजे तळ वाचवणारी गोष्ट हात आहे, आणि हात दुकानात विकत मिळत नाही.

खरवडायची पट्टी ही त्याहून साधी. नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडे पाच मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचे तुकडे उरलेले असतात. तो फेकतो, आपण आणायचे. पण तिची कड काटकोनात आणि सुरीसारखी असली पाहिजे. बोथट पट्टीने मेण निघत नाही, नुसते फासले जाते. मग माणूस दमतो, अर्धे मेण तसेच सोडतो, दुसऱ्या दिवशी स्की घसरत नाही आणि तो म्हणतो, 'घरी करून काही उपयोग नाही, दुकानच बरे.' घरच्या मेणाची जी बदनामी होते तिच्यातली निम्मी या बोथट पट्टीमुळे. दोन ठोकळ्यांमध्ये कानस उभी आवळून ठेवा, तिच्यावरून पट्टी चार वेळा ओढा, पुन्हा धार.

आता म्हापशाचे भांडण.

काही वर्षांपूर्वी माझा एक मावसभाऊ इकडे आला होता. पर्वरीचा. चांगला शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा, दिवाळी अंक वाचणारा माणूस. रात्री मला शोधत तळघरात उतरला. मी कानस घेऊन बसलेलो, अंगावर जुना एप्रन, हातांना पोलादाचा कीस. दारातच थबकला आणि म्हणाला, "कितें रे हें? मेस्ताचें काम तूं कित्याक करता?" आणि मग, समजुतीच्या सुरात, "अरे, तुझ्या एका तासाचा पगार बघ. तेवढ्यात दुकानवाला करून देईल."

त्या तळघरात माझ्या शेजारच्या कोठडीत त्याच वेळी एक बाई आपल्या मुलाच्या स्कीला मेण लावत होत्या. त्या भूलतज्ज्ञ आहेत, मोठ्या इस्पितळात. पलीकडे एक निवृत्त गृहस्थ लाकडी स्कीला डांबर देत होते, ते पाइनच्या मुळांचे डांबर, ज्याच्या वासाने सगळे तळघर भरून जाते. दोघांच्याही मनात आपण कोणा दुसऱ्याचे काम करत आहोत असे आले असेल असे मला वाटत नाही. नॉर्वेजियन भाषेत पावाला लोणी फासणे आणि स्कीला मेण लावणे याला क्रियापद एकच आहे: स्मोरे. आपल्या पावाला लोणी लावायला कोणी दुकानात जात नाही.

मावसभावाचा दोष नाही. आमच्या घरांत वळणच असे. पाटाचा खिळा वर आला तरी मेस्ताला निरोप धाडायचा. मेस्त येईपर्यंत आठवडाभर त्याच खिळ्यावर धोतरे फाडून घ्यायची. आणि तो आला की, दोन मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे कसले म्हणून घासाघीस करायची! त्याने खिळा ठोकण्याआधी बोटाने फळीचा पोत चाचपला, कुठल्या बाजूने ठोकला म्हणजे लाकूड चिरणार नाही हे ठरवले, ते आमच्या कोणाच्या डोळ्यांना दिसतच नसे. हाताच्या कामाला कमी लेखणारा माणूस शेवटी त्या कामाची किंमतही ओळखू शकत नाही, आणि म्हणून तो दुकानात जाऊन सहज फसतो. भाटकारी गेली म्हणतात. कूळकायद्याने जमिनी गेल्या असतील, बोटांतली भाटकारी गेलेली नाही.

'एका तासाचा पगार' हा युक्तिवाद तर मला कधीच कळलेला नाही. रात्री नऊ वाजता मला पगार कोण देतो? त्या तासात मी टीव्ही पाहिला असता. आणि दुकानात स्की पोचवायला आणि परत आणायला दोन फेऱ्या लागतात, त्या बिनपगारी.

पण माझे भांडण एकाच बाजूशी नाही. घरगुती अवजार म्हटले की आमच्यातली दुसरी एक जमात उत्साहाने पुढे येते आणि पाठीवर थाप मारते: वा, जुगाड! या शब्दाचा मला दुकानदारापेक्षाही जास्त संताप येतो. जुगाड म्हणजे कसेबसे, आजचा दिवस निघाला म्हणजे झाले, उद्याचे उद्या. तारेने बांधलेला सायलेन्सर. आम्ही त्याचे पोवाडे गातो, मॅनेजमेंटच्या वर्गांत त्यावर व्याख्याने देतो. स्कीच्या कडेला जुगाड चालत नाही.

का ते सांगतो, आणि यात थोडी शाळेतली भूमिती आहे. स्कीच्या तळाकडची कड तळाशी अगदी सपाट नसते, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असते, अर्धा ते एक अंश. नाहीतर स्की सरळ जाताना सारखी बर्फात अडकते. हा अर्धा अंश घरी कसा काढायचा? स्की मध्यभागी साधारण सत्तर मिलिमीटर रुंद. कानस तळावर आडवी ठेवली आणि तिचे एक टोक ०.६ मिलिमीटर उचलले, की दुसऱ्या बाजूच्या कडेशी अर्धा अंशाचा कोन होतो. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असते. म्हणजे कानशीच्या टोकाला तिचे चार वेढे. एक अंश हवा तर आठ. झाले तुमचे अवजार, कपाटातल्या त्या चकचकीत साच्याच्या तोडीचे! बाजूच्या कडेसाठी बीचच्या लाकडाचा ठोकळा घेतला, गुण्या लावून काटकोनात रंधला. त्या कडेला सामान्यतः ८८ अंशांचा कोन देतात, म्हणजे काटकोनातून दोन अंश कमी. पन्नास मिलिमीटरच्या ठोकळ्यावर तो उतार पावणेदोन मिलिमीटरचा होतो. तेवढ्या जाडीची पट्टी चिकटवली. लाकूड भंगारातले, पण माप मिलिमीटरच्या दशांशापर्यंतचे.

आणि तपासायचे कसे, तर कडेवर काळ्या मार्करची रेघ ओढायची आणि कानस हलकेच एकदा फिरवायची. शाई कडेच्या पूर्ण रुंदीत पुसली गेली तर कोन बरोबर. नुसती वरची किंवा नुसती खालची पुसली तर ठोकळा चुकीचा आहे, पुढे जायचे नाही. कारण ते पोलाद जेमतेम दोन मिलिमीटरचे असते आणि कानशीने खाल्लेले परत येत नाही. बर्फाळ उतारावर वेगात असताना कड सुटली तर माणूस कुठे जाऊन आदळतो हे ज्याने पाहिले आहे तो त्या ठोकळ्याला जुगाड म्हणणार नाही.

मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे शिव केशवन १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत उतरले. देशात त्या खेळाचा बर्फाचा मार्गच नाही, म्हणून त्यांनी गाडीला चाके लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रकांच्या मधून सराव केला. ते पाहूनही आम्ही 'काय जुगाड आहे' म्हणतो! ज्या गाडीवर माणूस उताणा पडून तशा रस्त्यावर स्वतःला झोकून देतो, तिचा एकेक बोल्ट त्याने किती वेळा तपासला असेल याचा विचार तरी करा.

बाजार म्हणतो घरी जमणार नाही, पण या खेळाचा इतिहासच मुळी घरांतून आणि परसातल्या छपरांतून झाला आहे. टेलेमार्कमधल्या मॉर्गेदालचा सोन्द्रे नूरहाइम हा गरीब कुळवाडी. त्याने झाडाच्या लवचीक मुळ्या-फांद्या पिळून टाचेभोवती बांधायचा पट्टा केला, स्कीला कमरेत बारीक केले, आणि १८६८ साली ख्रिस्तियानियाच्या म्हणजे आजच्या ओस्लोच्या शर्यतीत शहरी लोकांना तोंडात बोट घालायला लावले. पोलादी कडेची कल्पना ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरची, १९२६ चे पेटंट. लाकडी स्कीला पोलादाचे छोटे छोटे तुकडे स्क्रूने बसवलेले. अमेरिकेत हॉवर्ड हेड हा विमानांच्या कारखान्यातला इंजिनिअर, त्याने १९४७ पासून ॲल्युमिनियम आणि लाकडाचे थर चिकटवून स्की बनवायला घेतल्या. त्या मोडत गेल्या, तो पुन्हा बनवत गेला, १९५० च्या सुमाराला एक टिकली. मेणाचेही तसेच. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातले सोन्याच्या खाणींतले मजूर पाइनची राळ आणि तिमिंगलाचे तेल असले काहीबाही शिजवून तळाला लावत. त्याला ते 'डोप' म्हणत आणि कृती एकमेकांपासून लपवून ठेवत. त्या लेपावर आणि बारा-बारा फुटी लाकडी स्कीवर टॉमी टॉड नावाच्या माणसाने १८७४ साली १८०६ फूट १४ सेकंदांत कापल्याची नोंद आहे. ताशी एकशेचाळीस किलोमीटर झाले की हो! रंगांनुसार तापमान सांगणारी तयार मेणे (कडाक्याला हिरवे, मग निळे, शून्याजवळ जांभळे, वितळत्या बर्फाला लाल) ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर आलेली. तोवर माणसे मेणाविना बसून नव्हती.

आणि तज्ज्ञांचे म्हणाल तर, तज्ज्ञांच्या हातूनही मेण चुकते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची लांब पल्ल्याच्या स्कीतली ताकद जगात पहिली, मेणाचे जाणकारही जगात पहिले. बर्फ वितळून ओला झाला, मेण चुकले. रिले शर्यतीत नॉर्वेचे पुरुष चौथे, बायका पाचव्या. दोन्ही सुवर्णपदके शेजारच्या स्वीडनला. इथे त्याला 'स्मोरेबोम' म्हणतात, मेणाचा फुकट गेलेला नेम. राष्ट्रीय शोक म्हणजे काय ते मी त्या आठवड्यात ओस्लोत पाहिले. स्वीडनमध्ये संशोधन करणाऱ्या लियोनिद कुझमिन यांनी तर २००६ सालच्या प्रबंधात मेणाच्या उपयोगावरच शंका घेतली: नीट खरवडलेला कोरडा तळ लांब अंतरात मेणापेक्षा कमी घाण धरतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पूर्ण पटत नाही, पण माझ्या घोडीवर मी दोन्ही करून पाहू शकतो. दुकानात स्की देणाऱ्याला हा वाद ऐकूनच सोडावा लागतो.

याहून गंभीर गोष्ट फ्लोरिनची. १९८० च्या दशकापासून शर्यतींच्या मेणात फ्लोरिनची संयुगे येऊ लागली. ओल्या बर्फावर त्यांच्यासारखे दुसरे काही नाही, हे मान्य. किंमत सोन्याच्या पावडरीसारखी, आणि लावायची ती कडक तापलेल्या इस्त्रीने. दुकाने ती पुढे करत, क्लबांतले आईबाप दहा वर्षांच्या पोरांच्या स्कीला ती लावत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात शर्यतींच्या संघांसाठी काम करणाऱ्या आठ मेण-तंत्रज्ञांचे रक्त तपासले. पीएफओए या संयुगाचे त्यातले मध्यक प्रमाण सर्वसाधारण स्वीडिश लोकांच्या ४५ पट निघाले. हे द्रव्य शरीरातून वर्षानुवर्षे जात नाही, निसर्गात तर मोडतच नाही. नॉर्वेच्या स्की महासंघाने २०१८-१९ च्या मोसमापासून सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शर्यतींत फ्लोरिन बंद केले, युरोपीय संघाने २०२० मध्ये पीएफओएवर बंदी घातली, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची संपूर्ण बंदी २०२३-२४ च्या मोसमात लागू झाली. त्या ऑक्टोबरात सोल्डेनच्या पहिल्याच शर्यतीत नॉर्वेची रान्हिल्ड मोविंकेल स्कीवर फ्लोरिन सापडल्यामुळे बाद झाली. इतकी वर्षे ती पावडर विकणाऱ्यांनी, तुमच्या घरच्या इस्त्रीने स्की बिघडेल म्हणून आमची काळजी वाहिली! साधे पॅराफिन लावणाऱ्याने तेवढे विष तरी फुप्फुसात घेतले नाही. अर्थात पॅराफिनलाही खिडकी उघडी हवीच, आणि खरवडलेला चुरा केरात, मोरीत नव्हे.

मी सगळेच घरी करा म्हणत नाही. तळ वापरून वापरून खोलगट झाला असेल तर तो दगडी चाकाच्या यंत्रावर सपाट करून घ्यावा लागतो, तिथे पैसे मोजावे. आणि बूट धरणाऱ्या बांधणीच्या स्प्रिंगला हात लावू नये. माणूस पडला की बूट सुटला पाहिजे आणि उगाच सुटता कामा नये. हा ताण माणसाचे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तो कसा स्की करतो यावरून ठरतो आणि यंत्रावर तपासतात. इथे घरच्या अवजाराचा अभिमान म्हणजे गुडघ्याशी खेळ. दुकानदार हे सांगतो तेव्हा तो खरे बोलतो. त्या एका खऱ्याच्या आडोशाने बाकीचे विकतो, एवढेच.

२०२३ च्या जानेवारीत गुलमर्गला गेलो होतो. भाड्याने मिळालेल्या स्कीच्या कडा गंजून तपकिरी, तळ मेणावाचून पांढरा पडलेला, कडेलगत लव आल्यासारखा. वर अफरवटचा तो बर्फ, ज्यासाठी युरोपातली माणसे विमानाने येतात, आणि पायाखाली ही अवस्था. तिथे शिकवणारी पोरे मात्र हुशार. एक जण घरातल्या मेणबत्तीने तळ घासत होता. मी विचारले तर ओशाळला. ओशाळण्यासारखे काय त्यात? मेणबत्ती म्हणजेही बहुधा पॅराफिनच, कडाक्याच्या थंडीला जरा मऊ, एवढेच. त्याला इस्त्री मिळाली तर तो आणखी खूप काही करील. मी त्याला कडांबद्दल विचारले, तेव्हा म्हणाला, त्याचे यंत्र बाहेरून यावे लागते, ते आले की मग. यंत्र! चार वेढे चिकटपट्टी आणि एक एकेरी दातांची कानस, यासाठी तो यंत्राची वाट पाहत होता, कारण कोणीतरी त्यालाही तेच वाक्य ऐकवले होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू आरिफ खान हा याच गुलमर्गचा, आणि त्याच्या वडिलांचे तिथे स्कीच्या सामानाचेच दुकान. म्हणजे त्या गावात हाताची समज नाही असे कोणी म्हणू नये.

शिबिरांत स्की वाटल्या जातात तेव्हा दर दहा जोडांमागे एक कानस, एक इस्त्री, ॲक्रिलिकचे चार तुकडे आणि लाकडाचा एक नीट काटकोनात रंधलेला ठोकळा का दिला जाऊ नये? बारामुल्ला-श्रीनगरकडचे सुतार अक्रोडाच्या लाकडावर जे कोरतात ते पाहिले तर असला ठोकळा त्यांच्यासाठी चहा पिता पिता होणारे काम आहे. येत्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. मावसभावाला कळवले आहे की दोन जड इस्त्र्या म्हापशाहून घेऊन ठेव, बिनवाफेच्या. त्याने विचारले, दोन कशाला? एक बिघडली तर, म्हणून सांगितले. आणि पर्वरीच्या पाट्यावाल्याकडून पाच मिलिमीटरचे तुकडे, रंग कोणताही चालेल.